उचलून ढकलायचं दार

ड्रायव्हरकाका त्या घरात जावई म्हणून आले ते कायमचेच राहिले. घर काकूंच्या आजोबांनी बांधलेलं. काकू एकुलत्या एक, आणि काकांची नोकरी बसवरची, आज या मुक्कामाला तर उद्या त्या. तेव्हा काकूंनी घर सोडण्यापेक्षा काकांनीच आपली पेटी उचलून आणली. गल्लीत कुणी घरजावई म्हणून चिडवलं की काका शांतपणे सांगायचे, "घर तिचं, दार तिचं. मी आपला शेवटची गाडी लावून झोपायला येतो."

आणि ते खरंच होतं. घराचं सगळं बघायच्या त्या काकूच. कुठल्या खिडकीची बिजागरी कुरकुरते, माडीवरच्या कुठल्या फळीवर पाय जपून टाकायचा, भिंतीला ओल कुठून येते, हे त्यांना तोंडपाठ. तेलाची बुधली आणि फडकं घेऊन त्या घरभर फिरायच्या. काकांनी एकदा हौसेने खिळा ठोकला, तर खिळा वाकडा, भिंतीचा पोपडा खाली आणि अंगठा काळानिळा. तेव्हापासून काकूंनी हातोडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली होती, लहान मुलांच्या हाती औषध लागू नये म्हणून ठेवतात तशी.

घराचं पुढचं दार म्हणजे एक प्रकरणच होतं. दोन भारदस्त झडपा. त्यातली उजवी कधीकाळी खाली बसलेली. ती उघडायची तर कडी धरून जरा वर उचलायची आणि कमरेने धक्का द्यायचा. पाहुण्यांना काही ते जमायचं नाही. काकू मात्र दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी कोपराने कडी उचलून, कमरेचा एक झटका देऊन आत. सगळा जन्म त्यांनी त्या दाराला असाच धक्का दिला होता.

काका निवृत्त झाले आणि पुढे थोड्याच वर्षांत काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली. मग चहात मीठ पडू लागलं. काका तो चहा मुकाट्याने पिऊन टाकायचे आणि म्हणायचे, "आज जरा वेगळा झालाय, छान आहे." पण घरात काकूंचं पाऊल चुकायचं नाही. अंधारातही हात बरोबर दिव्याच्या बटणावर जायचा.

त्या हिवाळ्यात काकूंच्या छातीत कफ झाला आणि त्यांना बरेच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. काका त्यांच्या उशाशी. मुलगा दुसऱ्या शहरातून धावत आला. आईला या गारठ्यानेच धरलं, या मोठाल्या फटींच्या दारं-खिडक्यांनीच धरलं, असं त्याच्या मनाने घेतलं. पोरगा मायेचा. त्याने कंत्राटदार आणला, पुढचं दार आणि खालच्या सगळ्या खिडक्या काढल्या आणि चकचकीत पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या बसवून घेतल्या. आई घरी येईल तेव्हा वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येता कामा नये, एवढाच त्याचा हेतू.

काकू घरी आल्या. रिक्षातून उतरल्या, दारासमोर उभ्या राहिल्या आणि काकांचा दंड घट्ट धरून हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, हे कुणाचं घर? आपण चुकीच्या गल्लीत आलो."

"अगं, आपलंच आहे. नवीन दार बसवलंय फक्त."

"काहीतरीच काय! उगाच लोकांच्या घरात घुसू नका. चला."

मुलाने समजावलं, सुनेने समजावलं. काकू शेजाऱ्यांच्या पायरीवर जाऊन बसल्या त्या हलेनात. शेवटी काकांनी त्यांना मागच्या बोळातून स्वयंपाकघराच्या दाराने आत नेलं. ते दार जुनंच होतं. तिथून त्या निमूट आत आल्या, पण बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं की कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. आणि रोज संध्याकाळी पिशवी भरून तयार. "चला हो, घरी जाऊया. किती दिवस राहायचं लोकांकडे?"

डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या वस्तू जितक्या भोवती राहतील तितकं बरं. हे ऐकून मुलाचा चेहरा असा उतरला की काकांना त्याच्याकडे बघवेना.

"बाबा, मी चांगल्यासाठीच केलं हो."

"मला ठाऊक नाही का? दार उत्तम आहे तुझं. फक्त तिच्या ओळखीचं नाही." काका त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "जुनं गेलं कुठे, तेवढं सांग."

ते कंत्राटदाराने जुन्या लाकडाच्या वखारीत टाकलं होतं. काका तिथे गेले आणि फळ्यांच्या ढिगाऱ्यात वाकून वाकून शोधत राहिले. वखारवाला म्हणाला, "काका, दारंच दारं आहेत. ओळखणार कसं?" ढिगाच्या तळाशी एक कडी दिसली, एका बाजूने झिजून पातळ झालेली. काकांनी ती चारदा हाताने पुसली. दोन्ही झडपा सापडल्या. डावी धड होती. उजवी खालून वीतभर सडलेली, आणि काढताना कुणीतरी पहार घातल्यामुळे तिची एक उभी पट्टी फाटलेली.

"याचं आता सरपण," वखारवाला म्हणाला. मग काकांचं तोंड बघून त्याने पुढे जोडलं, "नाहीतर जुन्या गोदामात जा. तिथे एक बाई जुनी सुतारकी, गवंडीकाम, असलं सगळं शिकवतात."

गोदामातल्या त्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. काकांच्या मुलाच्या वयाच्या असतील. केसांत भुसा, कानामागे पेन्सिल आणि जिभेला धार सुताराच्या पटाशीसारखी. त्यांनी झडप उलटसुलट बघितली, नखाने लाकूड टोकरलं.

"दुरुस्त होईल?" काकांनी विचारलं.

"होईल. पण आम्ही करून देत नाही. शिकवतो."

"कुणाला?"

"जो शिकेल त्याला. सोमवारी या."

"अहो बाई, मला खिळासुद्धा ठोकता येत नाही."

"चांगलं आहे. या दारात एकही खिळा नाहीये."

असे काका उतारवयात विद्यार्थी झाले. वर्गात सगळी विशीतली मुलं-मुली. पहिले कित्येक दिवस मास्तरीणबाईंनी त्यांना फक्त पटाशीला धार लावायला बसवलं. दगडावर पाणी, पाण्यावर पटाशी, पुढे-मागे, पुढे-मागे. काका घामाघूम व्हायचे. रंधा हातात आला तेव्हा त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा.

"काका, ब्रेक कशाला मारताय?" मास्तरीणबाई ओरडायच्या. "रंधा आहे, बस नाही! लाकडाचे रेषे कुठे चाललेत ते बघा आणि त्यांच्या बाजूने जा."

"म्हणजे एकेरी रस्ता," काका म्हणायचे.

"हां, तसंच समजा. उलटे घुसलात तर अपघात."

हे काकांना बरोबर कळलं. त्या दिवसापासून रंध्यातून सलग, पातळ, कागदासारखी साल निघू लागली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. खाच मात्र जमेना. एका लाकडाला खाच करायची, दुसऱ्याला तिच्यात बसेल अशी जीभ, आणि आरपार लाकडाचीच खुंटी मारायची, की झाला सांधा. काकांची जीभ कधी सैल, कधी जाड. मास्तरीणबाई सांधा हातात घेऊन नुसता हलवायच्या, तो खुळखुळ्यासारखा वाजायचा आणि काका न सांगता नवीन लाकूड आणायला उठायचे.

काकूंना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्या सोबत यायच्या. गोदामाच्या मोठ्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची. त्यांना लाकडाचा वास आवडायचा. लाकडाच्या साली उचलून त्या बोटाभोवती गुंडाळत बसायच्या. कुणी नवीन मुलगी बोट कापून घेऊन रडवेली झाली तर स्वतःच्या रुमालाने बांधून द्यायच्या. "घरी आईला सांगू नकोस, उगाच काळजी करेल," असंही वर सांगायच्या.

एके दिवशी काका उजव्या झडपेचा खालचा सडका भाग कापून नवा तुकडा जोडत होते. काकू उठून जवळ आल्या, झडपेवरून हात फिरवला आणि खालच्या कडेशी थांबल्या.

"इथे पाणी साचतं," त्या म्हणाल्या. "म्हणून कुजतं. बाबा दरवर्षी म्हणायचे, उतार द्यायला हवा."

काकांच्या हातातली पटाशी तशीच राहिली. मास्तरीणबाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि काकूंपुढे धरली. "किती उतार देऊ, काकू? दाखवा ना." काकूंनी पेन्सिलीने अगदी सरळ एक तिरकी रेघ ओढली. मग पेन्सिलीकडे बघितलं, ती आपल्या हातात का आहे हे त्यांना कळेना आणि त्या परत खुर्चीत जाऊन बसल्या. काकांनी त्या रेघेवर कापलं. कापताना त्यांना अधूनमधून चष्मा पुसावा लागला.

उन्हाळा लागला तेव्हा दार तयार झालं. मुलगा खास रजा काढून आला. कंत्राटदाराला भिंतीतली जुनी चौकट काढता आली नव्हती, म्हणून त्याने तिच्यावरच अ‍ॅल्युमिनियम ठोकलं होतं. ते मुलाने स्वतःच्या हाताने काढलं. बापलेकांनी झडपा उचलल्या, मास्तरीणबाईंनी डोळा मिटून ओळंबा धरला आणि बिजागऱ्या बसल्या. काकांनी उजवी झडप एका बोटाने ढकलली. ती आवाज न करता, लोण्यातून सुरी जावी तशी उघडली. गल्लीतली माणसं बघायला जमली होती. कुणीतरी म्हणालं, "काका, आता आमच्या खिडक्या."

मग काकूंना आणलं. त्या दारापाशी आल्या. कपाळाची आठी सैल झाली. हात झिजलेल्या कडीवर गेला, कडी वर उचलली गेली, कमरेचा धक्का बसला, आणि इतक्या हलक्या झालेल्या दारातून काकू जवळजवळ तोंडावर आपटल्या. मुलाने धरलं म्हणून वाचल्या. त्या घाबरून मागे सरकल्या, दाराकडे संशयाने बघू लागल्या.

"हे नाही आमचं," त्या म्हणाल्या. "आमचं अडतं."

काका मटकन पायरीवर बसले. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि हे फळ. मुलगा आईला घेऊन मागच्या बोळाकडे वळला.

मास्तरीणबाई काकांशेजारी टेकल्या. आणि एकदम हसू लागल्या.

"हसताय काय बाई?"

"काका, तुम्ही काम फार चांगलं केलंत. हीच भानगड झाली. उठा. वरची बिजागरी थोडी सैल करा आणि झडप दोन सूत खाली बसू द्या."

"म्हणजे मुद्दाम बिघडवू? तुम्हीच तर..."

"मी शिकवलं ते बाकीच्या दारांसाठी. हे दार काकूंसाठी आहे ना?"

काकांनी झडप उतरवली. बरोबर लावायला शिकलेल्या हातांनी चुकीचं लावणं महाकठीण. एकदा ती फार घासली, एकदा मुळीच नाही. डोळे मिटून, बायकोच्या कमरेचा तो झटका आठवत, ते पुन्हा पुन्हा लावत राहिले. शेवटी उंबऱ्यावर लाकूड घासल्याचा तो जुना खर्रर्र आवाज आला आणि घरातून मुलगा धावत बाहेर आला. "बाबा, अगदी तस्सा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर काकांनी काकूंना कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं. परतताना त्यांनी मुद्दाम हात सोडला आणि मागे राहिले. काकू चालत दारापाशी गेल्या. कडी उचलली, धक्का दिला. खर्रर्र. आत पाऊल टाकून त्यांनी चपला नेहमीच्या कोपऱ्यात काढल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

"आले बाई एकदाची घरी," त्या म्हणाल्या.

काका उंबऱ्यातच थबकले होते. काकू वळल्या, त्यांच्याकडे नीट बघितलं. हातांवरचे घट्टे, शर्टावरचा भुसा.

"या ना सुतार, आत या. दार छान केलंत. बसा, पाणी आणते."

काका आत आले आणि स्वतःच्याच घरात स्टुलाच्या कडेवर, परक्या माणसासारखे अवघडून बसले. काकूंनी तांब्या-भांडं आणलं. समोर बसल्या.

"आमचे हे असते तर चहा घेऊनच जा म्हणाले असते. बसवर असतात ना. त्यांना लाकडातलं काही कळत नाही हो. एकदा खिळा ठोकला तर भिंत पाडली."

"असं?" काका म्हणाले.

"पण कधी आवाज चढवून बोलले नाहीत. आणि कितीही उशीर झाला तरी घरी येतात." त्या दाराकडे बघत म्हणाल्या. "येतील आता."

मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हे ऐकत होता. तो तोंड फिरवून आत गेला आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

पुढे काकांनी खालच्या खिडक्याही एकेक करून परत बसवल्या. वखारीत न सापडलेल्या दोन तर त्यांनी नव्याने घडवल्या. गल्लीतले लोक आपापल्या कुरकुरत्या झडपा घेऊन येऊ लागले आणि गोदामात नवीन पोरांना धार लावायला बसवण्याचं काम मास्तरीणबाईंनी काकांवर सोपवलं. काकूंनी पिशवी भरणं सोडलं. काही दिवस त्या काकांना "अहो" म्हणायच्या, काही दिवस "सुतार". ज्या दिवशी सुतार, त्या दिवशी काकांचा मान जरा जास्तच असायचा. चहात मीठ पडलं तरी बशीत बिस्कीट असायचं.

अशाच एका दुपारी काका माडीवरच्या खिडकीची बिजागरी बसवत होते. काकू शेजारी स्क्रूची वाटी धरून उभ्या. बराच वेळ त्यांना न्याहाळत होत्या.

"एक विचारू का? रोज इथे येता. घरी कुणी वाट बघत नाही का तुमची?"

"बघते ना," काका म्हणाले.

"मग असं ताटकळत ठेवू नये हो बाईमाणसाला. लवकर आवरा आणि जा."

"जातो," काकांनी वाटीसाठी हात पुढे केला. "एवढा एक स्क्रू द्या."