बुधरीबाईंचे ब्रह्मा कोंबडे

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी मी बुधरीबाई आत्राम यांना ३,५४० रुपये रोख दिले. ब्रह्मा जातीची महिनाभराची दहा पिल्लं, प्रत्येकी साडेतीनशे, आणि बांबूच्या टोपलीचे चाळीस.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी एका राइस मिलमध्ये मी हिशेब पाहतो. निवृत्ती जवळ आली आहे, घरामागे मोकळी जागा आहे, तेव्हा चांगल्या जातीच्या कोंबड्या पाळाव्यात असं मनात होतं. बुधरीबाई मिलमध्ये तूस न्यायला येत. सावलीच्या पुढे जंगलाला लागून त्यांचं गाव. ब्रह्मा कोंबडीच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात. ती चिखलात भिजली की पाय सडतात, म्हणून त्या खुराड्यात तुसाचा जाड थर घालत आणि वेळच्या वेळी बदलत.

मूळ कोंबडा आणि दोन कोंबड्या त्यांनी तेलंगणातल्या एका जुन्या पाळणाऱ्याकडून आणल्या होत्या. बुधरीबाईंचं माहेर सिरोंच्याकडचं, त्यामुळे तेलुगू येत होती. पहिल्या खेपेला त्या म्हाताऱ्यानं पक्षी दिलेच नाहीत. आधी खुराडं बांधा, मग या, म्हणाला. त्या बांधून परत गेल्या. तेव्हापासून त्यांचाही एक नियम झाला. गिऱ्हाईक आलं की आधी आईबाप दाखवायचे. कोंबडा उचलून त्याचा बसका, तीन धारांचा तुरा दाखवायचा, पाय उलगडून मधल्या बोटावरचं पीस दाखवायचं. "मिसळीच्या पिल्लाले बाहेरच्या बोटावर पीस येते भाऊ, मधल्यावर नाई येत," असं सांगायचं. वरोऱ्यापासून गडचांदूरपर्यंत त्यांची पिल्लं गेली होती, ती याच भरवशावर.

मला मात्र त्यांनी आईबाप दाखवले नाहीत. धान कापणीचे दिवस होते, मी त्यांच्या गावी गेलो तेव्हा त्या बांधावरूनच आल्या आणि टोपली हातात दिली. ओळखीचा माणूस म्हणून मीही विचारलं नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी माझी बायको अंजनाबाई अंगणातून ओरडली, "अवो, तुमचे हत्ती पेरूवर चढले!"

ब्रह्मा म्हणजे जड, शांत कोंबडी, असं मी तिला दोन महिने सांगत होतो. पाहतो तर पाच जणं फांदीवर ओळीनं बसलेली. मी बुधरीबाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्या आल्या. एकेक पिल्लू मांडीवर घेऊन पाय पाहत गेल्या. चहा घेतला नाही.

"हे पिल्लं सोमारीकडची," त्या म्हणाल्या.

सोमारी त्यांची धाकटी नणंद. नवरा वारलेला. वैनगंगेपलीकडे, धानोऱ्याच्या जंगलात तिचं घर. बुधरीबाईंनी तिला एक ब्रह्मा कोंबडा आणि तीन कोंबड्या बटईनं दिल्या होत्या. पाळायचं तिनं, पिल्लं अर्धी अर्धी. तिकडे गावठी कोंबड्यांची अशीच बटई चालते.

"तिच्या घरी माझा कोंबडा हाय. गावठी कोंबडा ती माझ्या कोंबड्यायजवळ येऊच देत नाई. तुमी चला भाऊ, तुमच्यासमोर दाखवतो. काहीतरी दुसरंच झालं असंन."

त्यांचा आवाज इतका ठाम होता की मला नाही म्हणता आलं नाही. रविवारी गडचिरोलीहून धानोऱ्याची गाडी धरून आम्ही गेलो. वाटेत त्या कोंबड्याचं वजन, त्याची चाल, याबद्दलच बोलत होत्या.

सोमारीनं पाणी दिलं. बुधरीबाई सरळ खुराड्याकडे गेल्या. तिथे तीन कोंबड्या होत्या.

"कोंबडा कुठी हाय?"

"चरायले गेला."

"ह्यायले सोडून एकटाच गेला? बाजारहाट करायले गेला का?"

सोमारी गोंडीत काहीतरी म्हणाली. बुधरीबाई मराठीतच बोलल्या, "मराठीत सांग. भाऊ ऐकून राह्यले."

सोमारीनं पदर तोंडाशी धरला. "देवाले देल्ला."

सप्टेंबरच्या सुरुवातीला हलकं धान येतं, ते नवं धान खाण्याआधी गावदेवाची पूजा असते. कोंबडा कोणत्या घरानं द्यायचा याची पाळी असते, यंदा सोमारीची होती. तिचे गावठी कोंबडे पावसाळ्यात रोगानं गेले होते. विकत घ्यायला पैसे नव्हते. पाळी चुकवली असती तर गावानं नवं खायचं थांबवलं असतं, तेही तिच्या घरामुळे. तिनं ब्रह्मा दिला. पुढे तिच्या कोंबड्यांमागे शेजारच्यांचा गावठी कोंबडा यायला लागला.

"मले फोन काऊन नाई केला? मी दुसरा पाठवला असता."

"देवाले जे देल्लं ते कोणाले सांगत नाई, भरून मांगत नाई. तुमाले मालूम हाय वयनी."

बुधरीबाईंना ते माहीत होतं.

"पुजारी म्हणे," सोमारी खाली पाहत म्हणाली, "एवढा मोठा कोंबडा आमच्या देवानं कधी पाह्यला नाई."

"त्यानं पाह्यला असंन कसा? मी पैदा केला होता तो." हे बोलताना बुधरीबाईंना हसू फुटलं, आणि लगेच त्यांनी माझ्याकडे पाठ केली. कानाच्या पाळ्यांपर्यंत चेहरा लाल झालेला मला बाजूनं दिसत होता. मी परका माणूस तिथे नसतो तर बरं झालं असतं.

मग त्या ओट्यावर बसल्या आणि त्या खेपेची पिल्लं ज्यांना विकली होती त्यांना फोन लावू लागल्या. प्रत्येकाला एकच सांगत होत्या. "शुद्ध म्हणून देल्ली, मिसळीची निघाली. पैसे वापस घ्या." कोणाच्या घरी मिसळ झाली असं एकानं विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्याच." गडचांदूरचा माणूस इतक्या जोरात बोलत होता की अंगणात ऐकू येत होतं. "कोंबड्या विकता का लोकायले फसवता बाई?"

"व्हय भाऊ," त्या म्हणत होत्या. "व्हय भाऊ."

सोमारी खुराड्याजवळून उठली आणि तिनं त्यांच्या हातातून फोन घेतला. "वयनीनं नाई केलं," ती म्हणाली, "मी केलं. माझं नाव सोमारी. मले बोला." पलीकडच्या माणसानं फोन ठेवला.

परतताना बुधरीबाई गाडीत खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. गडचिरोली आल्यावर एवढंच म्हणाल्या, "सोमारीकडून आलेली टोपली मी उघडून पाह्यली नाई, भाऊ. एकदाच नाई पाह्यली."

बटई त्यांनी मोडली नाही. पुढच्या आठवड्यात सोमारीकडे नवा ब्रह्मा कोंबडा गेला आणि त्याच्याबरोबर दोन गावठी कोंबडे, वेगळ्या खुराड्यात ठेवायला.

अंजनाबाई पिल्लं परत द्यायला तयार नव्हती. तेव्हा बुधरीबाईंनी ती गावठी भावानं, दीडशेनं धरली आणि दोन हजार रुपये फरक काढला. जाऊ द्या, असं मी म्हणालो. त्या रागावल्या. "मंग पुढं शुद्ध म्हणून कोणत्या तोंडानं इकू?" मिलमध्ये तूस न्यायला येतात तेव्हा थोडे थोडे देतात. माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत, नजर खाली ठेवूनच नोटा देतात. आजपर्यंत सतराशे रुपये आले आहेत. तीनशे रुपये यायचे आहेत.