खुळखुळ्याचा मोर्चा

मोर्चा जिंकून घरी आलेल्या माणसाला तुम्ही कधी विचारलंय, की तुझं काय गेलं?

मी पेणच्या रामवाडीत पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढले. आईवडील चळवळीतले, आमच्याकडे भाकरीसुद्धा पत्रकात गुंडाळली जायची. त्यामुळे रोह्याजवळ मावशीच्या मळ्याकडेचा खुळखुळा उखडून बांधकाम खात्याचा कंत्राटदार तिथे रस्त्याकडेला शोभेचे पाम लावणार, असं कळल्यावर मी आधी पत्रक लिहिलं, मग मावशीला फोन केला.

खुळखुळा इथलाच. कमरेइतकं झुडूप, पिवळी फुलं. शेंगा वाळल्या की आत बिया वाजतात. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून मावशीने बांधावर त्याचं दाट कुंपण राखलेलं आणि त्यामागे तिचा वाल. मी हे सगळं ‘स्थानिक जैवविविधतेचा लढा’ या मथळ्याखाली बसवलं. मावशीने पत्रक वाचून विचारलं, “यात माझा वाल कुठं हाय गो?”

“मावशी, वाल हा व्यापक मुद्दा नाही.”

“खातेस तवा बरा व्यापक असतो.”

खात्याच्या कचेरीवर मोर्चा ठरला, पण तिथे ढोल-भोंग्याला परवानगी मिळाली नाही. मावशीच्या वाडीतली एक काकू म्हणाली, “ढोल नाय तर नाय, खुळखुळा हाय की!” मला हे इतकं आवडलं की लगेच नवं पत्रक काढलं: प्रत्येकीने वाळल्या शेंगांची एक फांदी आणावी.

मावशी आणि मी सकाळी लवकर पुढे गेलो. मागून बायका आल्या, हातात भरगच्च फांद्या, काहींच्या दोन-दोन. दारात असा खुळखुळाट उठला की साहेब कानावर हात ठेवून बाहेर आले. “पुरे करा, काम थांबवतो,” म्हणाले. आणि खरंच थांबवलं.

घोषणा देत परतलो तर मळ्यात गुरं. कुंपणाच्या जागी नुसते बुडखे. कंत्राटदाराला जे तोडायला आठवडा लागला असता, ते आम्ही सकाळच्या चहाआधी उरकलं होतं.

मावशी काठी घेऊन धावली. एक म्हैस तेवढी वालाचा वेल चघळत उभीच राहिली. तीच काकू मला म्हणाली, “तिला पत्रक दे गो. वाचून जाईल.”

मावशीने कचेरीच्या आवारात सांडलेल्या शेंगा वेचून आणल्या आणि बांधावर पेरल्या. यंदा खुळखुळा पुन्हा फुललाय, मागे वालही आहे. पामवाले परत येणार अशी कुणकुण आहे. पत्रक तयार आहे. पहिल्याच ओळीत वाल आहे. मोर्चाला तुम्हीही या. फक्त रिकाम्या हातांनी या, आणि ओरडायला आपापला गळा आणा.