उशी हुंगणाऱ्या देवकामावशी

देवकामावशी कोणाच्याही घरात शिरल्या की आधी उशी उचलून नाकाला लावायच्या. पाणी, चहा, ख्यालीखुशाली नंतर. "माणूस लाजेपायी लपवते. उशी कायले लपवन?" असं म्हणायच्या.

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये त्यांची हयात गेली. आमची संघटना घरोघरची हवा तपासत होती, तेव्हा बायका दार उघडतील म्हणून त्यांना माझ्याबरोबर दिलं होतं. वाट दाखवणारी बाई, एवढंच मी त्यांना समजत होते. तपासणारी मी. माझ्याकडे छापील फॉर्म होता, आणि चुलीच्या धुराविरुद्ध तावातावानं लिहिलेलं माझंच पत्रक.

लताच्या घरी पाळण्यात आठ महिन्यांचं पोर होतं. त्याची छाती घरघरायची. दोनदा भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर भरवसा नाही. सासू लतालाच बोल लावत होती. मला अंगणात चूल दिसली आणि मीही सुरू झाले.

"ताई, त्याच्यावर फक्त आंघोळीचं पाणी तापते," लता म्हणाली. "सैपाक गॅसवर."

मी ऐकलंच नाही. फॉर्मवर 'चूल' लिहून मोकळी झाले.

मावशींनी पाळण्यातली उशी हुंगली. "हा लाकडाचा धूर नोहे. धानाच्या कोंड्याचा हाय. काहो बाई, गोठ्यात डासाले काय जाळता?"

"कोंडाच. बैलाले लय चावते," सासू म्हणाली.

मावशींनी वर बोट दाखवलं. गोठा आणि खोली यांच्यामधली भिंत कौलांपर्यंत पोचतच नव्हती. "दिवेलागण होऊ द्या," म्हणत त्या पाळण्याजवळ खाली बसल्या.

सांजेला सासऱ्यानं घमेल्यात कोंडा पेटवला. थोड्या वेळानं धूर त्या भिंतीवरून अलगद आत आला आणि पाळण्यावर उतरला. बैलांना डास चावू नयेत म्हणून रोज जपून केलेली ती धुरी होती. सासूनंच पोर उचलून अंगणात नेलं.

त्याच सांजेला बैल आणि घमेलं लांब चिंचेखाली गेलं. भिंतीवरची फट बांबूच्या तट्ट्यानं बंद झाली. मी 'चूल' खोडलं, लताची माफी मागितली. "तू कागद आधी भरतेस वो पोरी, घर मंग पाह्यतेस," मावशी हसून म्हणाल्या. धान कापणीला आलं तोवर पोराची घरघर थांबली होती.

त्या सांजेला परतताना मी विचारलं होतं, "मावशी, वास नेमका कसा ओळखला?"

त्यांनी मला आपल्या घरी नेलं, मिलच्या मागच्या गल्लीत. खोली लख्ख होती. चूल नाही, उदबत्तीसुद्धा नाही. त्यांनी आपली उशी माझ्या हातात दिली. तोच वास. बॉयलरमध्ये कोंडा जळतो, आणि धुराड्याचा धूर गल्लीवर उतरतो.

"माह्या घरात कायबी जळत नाही वो," त्या म्हणाल्या. तेवढं बोलतानाही धाप लागून दोनदा थांबल्या. "कोणतं घमेलं उचलू?"

माझ्या फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता.

त्या हिवाळ्यात मावशी गेल्या. मिलच्या धुराड्याविरुद्ध आमच्या संघटनेनं केलेला अर्ज प्रदूषण खात्याच्या कचेरीत तसाच पडून होता. मी त्यांची उशी घेऊन गेले आणि साहेबांच्या टेबलावर, त्या अर्जावरच ठेवली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"हुंगा," मी म्हटलं.