विश्रांतीचा मस्टर

विश्रांती घेताना माझ्या भाऊजींची जितकी धावपळ झाली, तितकी एखाद्याची घरात लग्न निघाल्यावरही होत नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. भांडुपच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते आणि राहायला मुलुंडला होते. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी, एवढाच त्यांचा संसाराचा पसारा. देवरुखहून बी. कॉम. होऊन मी नोकरीसाठी मुंबईला आलो तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक आणि नेमणुकीचे पत्र एवढेच होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मला प्रत्येक नव्या गोष्टीची भीती वाटे. कुठे कॉटबेसिसवर जागा मिळेल का, असे मी चाचरत विचारले, तेव्हा भाऊजी एका पायात चप्पल घालता घालता म्हणाले, "कॉटबेसिस कसली रे? गॅलरी तुझी. ट्रंक आत घे, पाय धू, चहा उकळतोय. चल, चल, आटप!" त्या गॅलरीत मी चार वर्षे काढली. आज माझे जे काही बरे चालले आहे ते त्या गॅलरीमुळे, हे मी कुणालाही सांगतो.

"आटप" हा भाऊजींचा श्वास होता. ते शर्ट खोचत जिना उतरत आणि चष्मा पुसत रस्ता ओलांडत. केळेवाल्याशी ताईची घासाघीस चालू असे, तेवढ्यात यांचे पहिले केळे सोलून झालेले असे. न्हाव्याकडे आपली पाळी यायच्या आधीच ते बाकावर मान खाली घालून तयार बसत. एकदा नात्यातल्या लग्नात मंगलाष्टके लांबली, तेव्हा त्यांनी भटजींना लांबूनच 'पुढचं घ्या, पुढचं घ्या' अशा खुणा केल्या होत्या. ताईने त्यांना दंडाला धरून मागे ओढले. "अहो, लग्न त्यांचं आहे, तुमचं नाही." "म्हणूनच सांगतोय," भाऊजी म्हणाले, "जेवणं थंड होतायत लोकांची."

पण या घाईच्या मुळाशी काय होते, ते मला एका सकाळी त्यांचा विसरलेला डबा द्यायला कारखान्यावर गेलो तेव्हा कळले. फाटकाशी कार्ड पंच करायचे यंत्र होते आणि त्याच्या शेजारी भाऊजी उभे होते. भोंगा व्हायला आला होता. लांबून एक कामगार धोतराचा सोगा धरून पळत येत होता आणि भाऊजी फाटकात उभे राहून ओरडत होते, "चल रे चल! पाय उचल! येतोस की लावू लाल शेरा?" भोंगा संपत आला तरी तो पोचला नव्हता. तेव्हा आमचे भाऊजी एकदम खाली वाकले आणि फाटकाच्या मधोमध बसून बुटाची नाडी बांधू लागले. रखवालदाराला फाटक लोटता येईना. तो माणूस त्यांच्या डोक्यावरून हात घालून कार्ड पंच करून गेला. भाऊजी उठले तेव्हा माझ्या लक्षात आले, की त्यांच्या बुटांना नाड्याच नव्हत्या. मला म्हणाले, "तीन लाल शेरे झाले की अर्धा दिवस कापतात रे त्यांचा. बघत काय बसलास? तुला उशीर होईल, पळ!"

त्याच फाटकात एका सकाळी त्यांना भोवळ आली आणि ते कार्डांच्या रॅकवर पडले. कारखान्याचे डॉक्टर गुजराती होते, घाटकोपरला राहणारे, बोलायला गोड. त्यांनी रक्तदाब बघितला आणि पुन्हा बघितला. "काका, हे प्रेशर घेऊन तुमी गेटवर उभे ऱ्हाता? तीन महिने देतो. उतरला तर गेट तुमचा. नाय उतरला तर मी तुमाला गोडाऊनला बसवणार. तिकडे भोंगा नाय, धावपळ नाय." मग उपाय म्हणून त्यांनी सांगितले, "घरात एक कोपरा करा. रोज अर्धा तास तिथे निवांत बसायचा. पेपर नाय, रेडिओ नाय."

भाऊजी घरी आले ते दारातूनच ओरडत. "ताबडतोब एक कोपरा पाहिजे! तीन महिन्यांतला आजचा दिवस गेलासुद्धा!" त्यांना गोडाऊनची धास्ती बसली होती. तिथे खोकी असतात, माणसे नसतात, असे ते म्हणत. ताईला धास्ती होती ती वेगळी. त्या दिवसापासून घरातले मीठ बंद झाले. अळणी आमटी मीही निमूटपणे जेवू लागलो. ताईने माझ्या पानात भाताखाली लोणच्याची फोड लपवली, तर भाऊजी भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाले, "खा रे, मी बघत नाहीये. लवकर खा पण!"

पहिला कोपरा खिडकीखाली झाला. त्यासाठी ताईचे शिवणाचे मशीन मोरीच्या तोंडाशी गेले. सतरंजी, लोड, बाजूला उदबत्तीचे घर, असा झकास थाट झाला आणि भाऊजी मांडी घालून बसले. पाचव्या मिनिटाला त्यांना समोरच्या इमारतीची टाकी भरून वाहताना दिसली. ते तसेच उठून दोन मजले उतरले, रस्ता ओलांडून पलीकडच्या वॉचमनला उठवून आले आणि धापा टाकत पुन्हा लोडाला टेकले. "हं. कुठपर्यंत आलो होतो?"

बाहेरचे दिसायलाच नको, म्हणून दुसरा कोपरा कपाटामागे केला. लोखंडी कपाट आम्ही दोघांनी तिरके सरकवले. आत एक माणूस बसेल एवढी छान त्रिकोणी जागा झाली, फक्त कपाटाचे दार उघडेना. ताईला त्या संध्याकाळी शेजारच्या बारशाला घरातल्याच साडीवर जावे लागले. जाताना ती कपाटाला उद्देशून म्हणाली, "विश्रांती घेताय की लपून बसलाय?" आतून आवाज आला, "बोलू नकोस, माझी अकरा मिनिटं झालीत!" आणि थोड्या वेळाने मला, "अरे, तिकडे काय चाललंय? दूध उतू जात नाहीये ना?"

दर शनिवारी ते दवाखान्यात प्रेशर बघून येत. जिन्यावरची त्यांची पावले ऐकूनच ताई समजायची. आकडा खाली येत नव्हता. त्यांच्या पायऱ्या चढण्यातला जोर मात्र कमी होत होता आणि मला वाटे, हा उपायच तर त्यांना बाधत नसेल? पण ताईकडे बघितले की ते मनातच ठेवावेसे वाटे.

मग एका रविवारी भाऊजी गॅलरीच्या दारात बराच वेळ घुटमळले. त्यांना घुटमळताना मी प्रथमच बघत होतो. "तुझी ती वळकटी... म्हणजे तुला अडचण होणार असेल तर राहू दे." मी वळकटी उचलून स्वयंपाकघरात नेली. मला खरोखर आनंदच झाला. त्यांनी माझ्याकडे काही मागावे एवढे माझ्याजवळ कधी नव्हतेच. गॅलरीत आम्ही वेताची जुनी खुर्ची ठेवली. ताईने आपल्या विटलेल्या साडीचा पडदा शिवला आणि तुळशीची कुंडी कठड्यावरून खाली आणून खुर्चीशेजारी ठेवली. संध्याकाळचे ऊन पडद्यातून आले की तो कोपरा खरोखर इतका सुंदर दिसे, की पाहणाऱ्याचे प्रेशर तेवढ्यानेच उतरावे.

परंतु भाऊजी टाइमकीपर होते. पंचवीस वर्षे हजेरी लावलेल्या माणसाला नुसते बसणे म्हणजे काहीच न करणे वाटले. त्यांनी एक कोरी वही आणली, रकाने आखले आणि विश्रांतीचा मस्टर सुरू केला. साडेसहाला खुर्चीत बसायचे. सहा एकतीस झाले की लाल शेरा. ताई चहाचा कप धुवायला मागू लागली की हे तिला अडवत. "सोड गं, मला उशीर होतोय विश्रांतीला!" तिसरा लाल शेरा पडला त्या दिवशी त्यांनी स्वतःलाच एक मेमो लिहिला आणि कारखान्याच्या नियमाप्रमाणे स्वतःचा अर्धा दिवस कापला. त्याची भरपाई म्हणून रविवारी जेवणानंतर चार तास ते ताठ बसून राहिले. पडदा बाजूला करून बघितले, तर कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते. "भाऊजी, बरं वाटत नाहीये का?" मी घाबरून विचारले. "गप रे," ते म्हणाले, "मोजतोय."

"भाऊजी, ती वही तेवढी बंद करा," असे मी एकदा धीर करून म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे दयेने बघितले. "आणि डॉक्टरना काय दाखवू? पुरावा नको?"

तो पुरावा घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ताईने मला बरोबर पाठवले होते. नऊची वेळ होती, आम्ही साडेसातला दवाखान्याच्या बंद दाराशी उभे होतो. आत गेल्यावर डॉक्टरांनी पट्टा बांधायच्या आधीच भाऊजींनी वही पुढे केली. "एकही गैरहजेरी नाही, साहेब. लेट मार्क सात, पण सगळे भरून काढलेत." डॉक्टर एकेक पान उलटू लागले. काळी शाई, लाल शाई, मेमो, मेमोला दिलेले उत्तर. आधी ते हसले. मग त्यांचे हसू थांबले. "काका, हे विश्रांतीचा आहे?" "हो, साहेब." डॉक्टरांनी वही हळूच मिटली आणि पट्टा बांधला. पारा वर चढत गेला. तो कुठे थांबतो ते बघायचा मला धीर झाला नाही, मी भाऊजींच्या मुठीकडे बघत होतो. "मी तुमाला गेटवर नाय ठेवू शकत," डॉक्टर म्हणाले. "तुमची बायको मला काय बोलेल?" भाऊजींनी वही काखेत मारली, 'बरं' म्हणाले आणि बाहेर आले. रस्त्यात त्यांनी मला एकदाही 'पाय उचल' म्हटले नाही.

सोमवारपासून ते गोडाऊनला जाऊ लागले. चारपाच दिवसांनी, संध्याकाळी, भाऊजी गॅलरीत खुर्चीवर बसले होते. वही कुठे दिसत नव्हती. ताईचा स्टो बिघडला होता. पिन मारून मारून ती दमली आणि नेहमीच्या धसक्याने आतून म्हणाली, "अहो, आज जेवायला जरा उशीर होईल हं!"

"होऊ दे गं," गॅलरीतून आवाज आला. "काय घाई आहे?"

ताईची पिन हातातच राहिली. तिने माझ्याकडे बघितले. ज्यासाठी तिने तीन महिने अळणी खाल्ले, देवापाशी दिवा लावला, ते हेच होते. पण तिचा चेहरा असा झाला, की कुणी वाईट बातमी आणली असावी. "ऐकलंस?" ती हळूच म्हणाली. मी मान हलवली.

जेवायला बसलो. पाने भाऊजींनीच मांडली, एकेक ताट पुसून, आवाज न करता. ताईने वाढायला मुद्दाम वेळ लावला. मीही एकेक घास चघळत बसलो, मध्येच पाणी प्यालो, भात चिवडला. मी इतका रेंगाळलो, की पूर्वी एवढ्यात त्यांनी माझे ताट उचलून मोरीत नेले असते. आम्ही दोघे बहीणभाऊ त्यांच्या एका 'आटप'ची वाट बघत होतो.

भाऊजींनी माझ्या पानाकडे बघितले, आणखी थोडा भात वाढला आणि एखाद्या पाहुण्याला म्हणावे तसे म्हणाले, "सावकाश होऊ दे."