मांडवात उरलेला नवरदेव

शिरूर अनंतपाळच्या गौरम्मांना प्रेमाचे हसरे सिनेमे बघायला आवडतात, आणि बघताना त्यांची कुरकुर काही थांबत नाही. सोमवारची पूजा आटोपली की नात नीलांबिका टीव्ही लावते आणि आज्जीचं सुरू होतं. पोरगी नको म्हणते तरी हिरो तिच्या मागं मागं फिरतो, त्याला कामधंदा नाही का? पोरीनं त्याला दुसरीशी बोलताना बघितलं आणि रडत घरी गेली. अगं, विचार की त्याला, एका वाक्याचं तर काम. पण शेवटी नवरी मांडवातून उठून हिरोबरोबर पळाली आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले, की गौरम्मांचा प्रश्न ठरलेला.

"त्या नवरदेवाचं काय झालं?"

"आज्जी, तो साइड हिरो असतो. त्याचं पुढं काही दाखवत नाहीत."

"तुझा साइड हिरो तिकडं ओट्यावर चहा मागायलाय. नेऊन दे."

ओट्यावर ईश्वरप्पा बसलेले असतात, नीलांबिकाचे आजोबा.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. उन्हाळा असा, की उदगीरजवळच्या गौरम्मांच्या माहेरी विहिरीच्या तळाची खडी मोजून घ्यावी. तशात गुरुपादप्पाकाकांनी लेकीचं, उमादेवीचं लग्न काढलं. नवरदेव शिरूरचा, कापडाच्या दुकानातला ईश्वरप्पा. काकांनी चार कोसांवरच्या मळ्यातून बैलगाडीनं चौदा टिपाडं, म्हणजे मोठाली पिपं भरून पाणी आणवलं. पाहुण्यांनीही आहेराला भांडी न आणता एकेक भरली घागर आणली. त्या पाण्यावर राखण म्हणून एकोणीस वर्षांच्या पुतणीला, गौरम्माला बसवलं. तांब्या तिच्या हातात. तिनं दिल्याशिवाय कुणाला घोटभर मिळायचं नाही.

लग्नाच्या सकाळी उमादेवीच्या विभूतीच्या डबीखाली चिठ्ठी सापडली. दुष्काळाच्या याद्या करायला नव्या कचेरीतला एक कारकून गावात यायचा. पहिल्या एसटीनं ती त्याच्याकडं लातूरला गेली होती.

तोवर वऱ्हाड आलेलं, गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, चुलीवर शिजलेली, लग्न लावणारे स्वामी पाटाजवळ बसलेले. काकांनी डोक्याला हात लावला. मग थोरांची कुजबुज झाली. मुहूर्त टळायला अजून तासभर होता. एवढं अन्न, त्याहून जास्त म्हणजे एवढं पाणी, पुन्हा कुठून आणायचं? आणि सगळ्यांची नजर फिरत फिरत टिपाडांपाशी आली. काकूनं उमादेवीचा शालू आणून गौरम्माच्या मांडीवर ठेवला. तिचे वडील, मलप्पा, खाली मान घालून पायाच्या नखाकडं बघत राहिले. भावाच्या घरात राहणारा माणूस, बोलणार काय.

काका समजुतीनं बोलले. पोरगा चांगला आहे, दुकान आहे, एरवीसुद्धा तुझं लग्न करायचंच होतं. हे पाणी वाया गेलं तर साऱ्या गावाचे तळतळाट लागतील.

गौरम्माला सकाळपासून एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे टिपाडांत पाणी किती आहे.

"पाणी वाया जात न्हाई काका," ती म्हणाली. "घराला दोन घागरी येतात. मी वाटते. अन् मला बघायचं असंल तर त्यांनी आमच्या घरी यावं, रीतीनं. पाण्यासाठी माझं लग्न नको."

कुणी काही बोलायच्या आत तिनं शालूची घडी घातली, काकूच्या हातात दिली आणि पहिल्या टिपाडाचं झाकण काढलं. बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. बाया हंडे घेऊन आल्या, रांग लागली, आणि रांगेपुढं काकांनाही आवाज चढवता येईना.

मांडवात ईश्वरप्पा बाशिंग बांधून तसाच बसला होता. त्याचे लोक काकांशी भांडत होते, काकांचे लोक त्यांना समजावत होते. त्याच्याशी कुणीच बोलत नव्हतं. सकाळपासून उपाशी होता. शेवटी बाशिंग सोडून तो रांगेत शेवटी येऊन उभा राहिला. गौरम्मानं तांब्या भरून दिला. तो अर्धा तांब्या प्यायला, उरलेलं पाणी परत केलं, म्हणाला, "तुमचं बरोबर हाय," आणि जाऊन बैलगाडीत बसला.

दुसऱ्या पंधरवड्यात तो आईला घेऊन आला, रीतीनं. पोहे झाले. मुलीला काही विचारायचं का, असं त्याच्या आईनं म्हणायचं म्हणून म्हटलं, आणि मुलीनं विचारलं.

"उमा गेली, त्याचं वाईट वाटलं का?"

मलप्पा खाकरले. ईश्वरप्पानं हातातली बशी खाली ठेवली.

"वाटलं. अजून वाटतंय. मला त्या पसंत होत्या."

तिनं विचार करायला आठ दिवस मागून घेतले. खोटं बोलून वेळ मारून न्यायची सोय होती आणि त्यानं ती वापरली नाही, एवढ्यावर तिनं महादेवापुढं दिवा लावून नवव्या दिवशी होकार कळवला. लग्नाला एकवीस माणसं होती. जेवण नव्हतं. ज्यानं त्यानं आपला तांब्या आपल्या घरून भरून आणला होता, आणि गूळ-फुटाणे खाऊन सगळे दुपारच्या आत परतले.

उमादेवी पुढं पंचमीला माहेरी आली. बहिणी कडकडून भेटल्या. गौरम्मानं तिला एवढंच विचारलं, की आठ दिवस आधी का सांगितलं नाहीस? आम्ही पाणी तरी आणलं नसतं. उमादेवी म्हणाली, "अप्पांची भीती वाटली गं." काकांना गौरम्माही ओळखून होती.

त्यामुळं सिनेमातली नवरी पळाली म्हणून त्या चिडत नाहीत. हळदीच्या आधी सांगायचं होतं, एवढंच पुटपुटतात. मग कपबशी ठेवायला आत आलेले ईश्वरप्पा दारात थांबतात.

"पळाली का?"

"पळाली."

"अन् तो? जेवला का काही?"

"दाखवलं न्हाई," गौरम्मा म्हणतात, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांचं ताट करायला घेतात.