काचेच्या पेटीतला उखाणा

मंगळवार, ११ मार्च २००३. सकाळी गॅस आला. तानुबाईचे केस शिकेकाईनं धुतले. दुपारी तिला घेऊन नाशिक रोडला हॉस्पिटलात. पेटीत तासभर शांत निजली. शेवटच्या प्रश्नांत पुन्हा तिथंच अडली. शुक्रवारी डॉक्टर ठरवणार, उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे. येताना द्राक्षं घेतली, आंबट निघाली.

सरोजिनीबाईंनी डायरी मिटली आणि भिंतीपलीकडे कान दिला. काही नाही.

देवळाली कॅम्पातल्या त्या जोडघरात वीस वर्षं पलीकडून तानुबाईचा आवाज येत आला होता. भाजीवालीशी घासाघीस, मांजराला शिव्या, नवऱ्याला टोमणे. कॅम्पात लग्न कुणाचंही असो, नव्या नवरीला उखाणा रचून द्यायला तानुबाईच लागे. संक्रांत झाली आणि एका सकाळी तिच्या मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात लुळा पडला, घर मुकं झालं. व्यायामानं हात हळूहळू उठू लागला. जीभ मात्र दोन-चार शब्दांपुढे सरकेना.

"मेंदूचा थोडा भाग रक्त कमी पडल्यानं झोपलाय," डॉक्टर म्हणाले होते. "दाबाखाली भरपूर ऑक्सिजन दिला तर जागा होईल, कदाचित. सगळे डॉक्टर हे मानत नाहीत. मीही खात्री देत नाही."

"कदाचित तर कदाचित," तिचा नवरा हिरामण म्हणाला. नोटांच्या प्रेसमधून नुकताच निवृत्त झालेला गडी. "हिच्याशी भांडल्याबिगर मला जेवण जात नाय."

पेटी म्हणजे माणूस आडवा मावेल असा काचेसारखा आरपार नळा. आत आगीची भीती, म्हणून अंगावर फक्त सुती कपडे. केसांना तेल नाही, धातूचा कण नाही. तेलावाचून केस भुरभुरले की तानुबाई आरशात बघून भुतासारखे डोळे वटारी आणि स्वतःच हसे. मंगळसूत्र मात्र पहिल्या दिवशी काही केल्या सोडेना. नर्सनं हात पुढे केला तशी तिनं मान हलवली. मग डाव्या हातानं आपणच ते काढलं आणि सरळ सरोजिनीबाईंच्या, एका विधवेच्या, ओंजळीत ठेवलं. तेव्हापासून रोज तासभर ते त्यांच्या मुठीत उबदार होत राही. हिरामण बाहेर बाकावर बसे. बायको अशी काचेत बंद झालेली त्याला बघवत नसे.

तास संपत आला की बोलायला शिकवणारी आभा पेटीचा फोन उचलून प्रश्न विचारी. आभा दिल्लीत वाढलेली, मराठी नवं पण गोड. "मावशी, नाव काय?" "ता...नु." "गाव?" "घो...टी." "नवऱ्याचं नाव?" तानुबाई डोळे मिटून घेई. आभाच्या कागदावर फुली पडे.

सरोजिनीबाईंनी मग घरी संध्याकाळची शिकवणी लावली. "म्हण, हि-रा-मण." तानुबाई तोंडाला पदर लावून खुसुखुसु हसे. तिला कळतच नाही, असं वाटून सरोजिनीबाईंचं काळीज तुटे. त्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या. स्वतःच्या नवऱ्याला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नावानं हाक मारत आल्या होत्या.

शुक्रवारी डॉक्टरांनी हिरामणला आत बोलावलं. तो भिंतीला चिकटून उभा राहिला.

"बाकी जरा जरा येतंय," आभा पडेल चेहऱ्यानं म्हणाली, "पण तुमचं नाव पार पुसलं गेलंय. रोज विचारते."

हिरामणनं तिच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि असा खदखदून हसला की नर्स धावत आली.

"अहो ताई, छत्तीस वर्षं झाली लग्नाला! हिनं माझं नाव असं सरळ घेतलंय कधी? मी हरवलो तरी पोलिसात नाव सांगायची नाय ही!"

"मग हाक कशी मारतात?"

"'ऐकलं का' म्हणती. मी ऐकतो."

सरोजिनीबाईंनी कपाळावर हात मारला. आभाच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावून घेतला आणि लग्नघरातल्या करवलीचा आवाज काढला. "काय गं तानुबाई, नाव घे की! मंडळी खोळंबलीत. उखाण्याशिवाय दार उघडायचं नाही हं!"

आत तानुबाईचे डोळे चमकले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. फोनमधून एकेक शब्द चाचपडत बाहेर आला.

"काचेच्या... पेटीत... हवा दाटली... गच्च..."

हिरामणचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"हिरामणरावांचं... नाव घेते... बोल आले... स्वच्छ."

आणि दम घेऊन, "लय... वाट बघाया लावली... बाई!"

हिरामण काचेपाशी गेला आणि नव्या नवरदेवासारखा लाजून उभा राहिला.

"हा उखाणा जुना पाठ असेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"जुन्या उखाण्यात ही पेटी कुठून येणार?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "आत पडल्या पडल्या रचलाय तिनं."

डॉक्टर मनापासून हसले. "हवेनं झालं, व्यायामानं झालं की आपोआप, ते मला विचारू नका. पण अजून महिनाभर चालू ठेवू."

दार उघडल्यावर सरोजिनीबाईंनी मूठ पुढे केली. तानुबाईनं मान वाकवली. मंगळसूत्र त्यांनीच तिच्या गळ्यात घालावं, अशी.

दिवेलागणीला भिंतीपलीकडे भांडं पडलं. "मेल्या... बोक्या!" हे दोन शब्द अगदी नीट ऐकू आले. सरोजिनीबाईंनी डायरी उघडली, दुपारचं सगळं लिहून काढलं आणि खाली एक ओळ घातली: खोबरेल तेलाची बाटली वरच्या फळीवर ठेवली, तानुबाईच्या केसांना महिनाभर लागणार नाही.