मधल्या खोलीची ओली भिंत

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, बदलापूरच्या घरात आमची खोली कुठली?" मी सांगितलं, तुमची वेगळी खोली इथे नाही. अंबरनाथच्या घरात तुमची खोली होती, खिडकीबाहेर आंबा होता, मग ते घर विकून आजी-आजोबांनी एकाच बेडरूमचा फ्लॅट का घेतला, हे तुम्हाला कळायला हवं. फोनवर सांगायला घेतलं तर तुम्ही मध्येमध्ये बोलता, म्हणून लिहून पाठवते.

आधी आजोबांच्या कामाबद्दल. तुमचे बाबा तिकडे परदेशात लोकांना सांगतात की आमचे वडील फायनान्समध्ये होते. ऐकायला मोठं वाटतं. उल्हासनगरात एका सिंधी व्यापाऱ्याच्या कापडाच्या दुकानात मागच्या बाजूला अर्धी जागा भाड्याने घेऊन त्यांनी सुरुवात केली. त्याआधी ते कारखान्यात क्लार्क होते. आमच्या समाजातला माणूस आणि पैसे देण्याचा धंदा, हे लोकांना नवीन होतं. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण पहिल्या वर्षी बहुतेक वेळ खुर्ची झाडण्यात गेला. मग शिवणाच्या मशीन घेणारे लोक यायला लागले. ज्यांना बँक दारात उभं करत नव्हती, त्यांना आजोबा मशीन घेऊन द्यायचे आणि हप्त्याने पैसे परत घ्यायचे.

त्यांची एकच पद्धत होती. कोणाला पैसे द्यायचे असले की त्याच्या कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, न कळवता जायचं. "चालू मशीन सगळेच दाखवतात," ते म्हणायचे. "बंद मशीन कशी ठेवलीय ते बघायचं." तेल घातलंय का, वर कापड टाकलंय का, कोपऱ्यातल्या चिंध्या उचलल्यात का, एवढं बघून ते निर्णय घ्यायचे. सहसा चुकले नाहीत.

दान करतानाही तसंच. कोणाच्या हातात रोख दिली नाही. मुलांची फी ते स्वतः कॉलेजच्या खिडकीवर जाऊन भरायचे, आणि अट एकच, निकाल लागला की मार्कशीट घेऊन घरी यायचं. नापास झालात तरी यायचं. नापास झालेले आमच्या व्हरांड्यात चप्पल काढून अवघडून उभे राहायचे, मी त्यांना पोहे द्यायचे आणि त्यांचं इंग्रजी बघायचे. मी शाळेत तोच विषय शिकवत होते, म्हणून आजोबा मला अजूनही टीचरबाई म्हणतात.

आता घराची गोष्ट. आमचे गुडघे जिना नको म्हणायला लागले, म्हणून ते घर विकायचं ठरलं. त्याच सुमाराला बदलापूरहून, खरवईच्या रस्त्यावरच्या बुद्धविहाराची माणसं आली. आजोबांचं लहानपण त्या वस्तीत गेलं. विहारावर एक मजला चढवून मुलींसाठी अभ्यासिका करायची होती. आजोबांनी मजल्याचा पूर्ण खर्च देतो असा शब्द दिला. घर चांगल्या किमतीला गेलं असतं तर मजलाही झाला असता आणि खरवईलाच दोन बेडरूमचा फ्लॅटही आला असता. दुसरी बेडरूम तुमची. मी पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं.

अडचण एकच होती, मधल्या खोलीची पश्चिमेची भिंत. दर पावसाळ्यात तिला ओल यायची. आम्ही तिच्यासमोर कपाट ठेवून वर्षं काढली होती.

"आजी, टेन्शन नका घेऊ," एजंट म्हणाला. "पुट्टी मारू, वरून प्लास्टिक पेंट. कस्टमरला ओल दिसली की तो पळतोच."

मला ते पटलं. घर विकायचं तर ते नीट करून दाखवावं, यात लबाडी नाही, असं माझं मत होतं आणि आजही आहे. पाहुणे येणार असले की आपण चादर बदलतोच ना.

आजोबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मशीनची कव्हरं उचलून बघितली. आता स्वतःचं घालू?"

"भिंत आहे ती, मशीन नाही," मी म्हटलं आणि रंगाऱ्याला शुक्रवारी बोलावलं. घेणारी बाई रविवारी येणार होती. उल्हासनगरची सिंधी बाई, तयार कपड्यांचा कारखाना. आजोबांनी तिला खूप वर्षांपूर्वी पहिल्या मशीन घेऊन दिल्या होत्या.

शुक्रवारी रंगारी आलाच नाही. कपाट बाहेर ओढून ठेवलेलं, गाद्यांचा ढीग, माझ्या डोक्याला टॉवेल, आणि दारात रिक्षा थांबली. ती बाईच होती.

"अहो, तुम्ही रविवारी येणार होतात ना?" मी म्हटलं.

"भाभी, रविवार को तो घर मेहमान के लिए सजता है," ती चप्पल काढत म्हणाली. "मला रोजचं घर बघायचंय. आज माझा कारखाना बंद, तर म्हटलं चला." मग आजोबांकडे वळून, "दादा, तुम्हीच शिकवलं ना? सुट्टीच्या दिवशी यायचे, कव्हर उचलायचे. मला वाटायचं, ये आदमी है की इन्स्पेक्टर!"

"कव्हरखाली धूळ नव्हती, म्हणून दिलं," आजोबा म्हणाले.

"आणि धूळ असती तर?"

"तरी दिलं असतं. व्याज वाढवून."

ती खूप हसली. हसतहसतच मधल्या खोलीत गेली आणि थेट त्या भिंतीवर हात ठेवला. हात काढला तेव्हा तळव्याला पांढरी पूड लागली होती.

"ओल येते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"वरची टाकीपण गळते," आजोबांनी पुस्ती जोडली.

"अहो!"

"ती विचारणारच होती, टीचरबाई."

"विचारलं नव्हतं अजून!"

बाईने टाकी बघितली, खाली आली आणि किंमत उतरवली. चांगलीच उतरवली. आजोबा हो म्हणायला निघाले होते, पण मी चहा पुढे केला आणि खुर्ची ओढून बसले. "ओलीचे पैसे तुम्ही कापलेत, आता अंगणातल्या विहिरीचे मी लावते," मी म्हटलं. "मे महिन्यातसुद्धा पाणी असतं. शेजाऱ्यांना विचारा, रविवारी नको, आत्ताच विचारा." तिने खरंच विचारलं. मग थोडी वर आली, मी थोडी खाली आले. जाताना ती आजोबांना म्हणाली, "दादा, धंदा भाभींनी करायला हवा होता."

पण गेलेलं सगळं परत आलं नाही. बाई गेल्यावर आम्ही हिशेब मांडला. विहाराचा मजला आणि दोन बेडरूम, दोन्ही बसत नव्हतं.

आजोबा म्हणाले, "शब्द मी दिलाय. पण घर दोघांचं आहे. तू सांग. हवं तर मी विहारात जाऊन सांगतो, मजल्याचा निम्माच खर्च जमेल."

त्यांनी हे मनापासून विचारलं होतं. मला फार वेळ लागला नाही. लहानपणी अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही सात जण एका खोलीत राहायचो. माझं सगळं इंग्रजी जिन्यातल्या दिव्याखाली झालं. कोणी वर जायला आलं की वही उचलून उभं राहायचं, तो गेला की पुन्हा बसायचं. तुम्हाला तिकडे प्रत्येकाला आपली खोली आहे, दाराला कडी आहे. तुम्ही वर्षाआड तीन आठवडे येता. त्या मुली रोज संध्याकाळी येणार होत्या.

"मजला पुरा करा," मी म्हटलं, "एकच बेडरूम घेऊ."

स्लॅब टाकल्यावर आजोबा सुट्टीच्या दिवशी न कळवता वर चढून बघायचे, कंत्राटदाराने पाणी मारलंय की नाही. दोनदा मारलं नव्हतं. गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नका.

आता अभ्यासिका सुरू झाली आहे. तुमच्या खोलीतलं टेबल मी तिथे दिलं. नव्या घरात ते मावत नव्हतं, आणि चांगलं सागाचं टेबल विकवेना. धाकटीने ड्रॉवरवर चिकटवलेली फुलपाखरं निघाली नाहीत. तिथे बसणारी मुलगी बारावीला आहे. तिने विचारलं, "आजी, ही कोणी लावली?" मी सांगितलं, माझ्या नातीने, ती मे महिन्यात येईल तेव्हा तुला भेटेल.

तर मे महिन्यात या. हॉलमध्ये गाद्या घालीन, खिडकीजवळ एकच गादी बसते, तेव्हा तिच्यावरून भांडण तिकडूनच मिटवून या. पडद्यांचं ते कापड मी शेवटी घेतलंच. हॉलच्या खिडकीला ते बरोबर पुरलं.